चिठ्ठीवरचं नाव

गोंदिया, ऑगस्ट १९५३

प्रिय रुख्मा,

आपल्या बोलीला शिकलेले लोक हसतात, हा तुझा-माझा दोघांचा राग. मी त्यावर सभा गाजवल्या. तुझ्या माहेरी नवेगावला आलेला जर्मन कोशकार मात्र शब्दांची मुळं शोधत तुझ्यासोबत धानाच्या बांधीतल्या चिखलात उभा राहिला. मी चिडलो, तर तू म्हणालीस, "तुमी कधी इचारलं जी? तुमी त बोलूनच रायले."

प्रत्येक शब्दाच्या चिठ्ठीवर तो सांगणाऱ्याचं नाव लिहितो. काल तुझं नाव छापायला माझी परवानगी मागायला आला. मी जळून "नाही" म्हणालो. माझं नाव अजून कुठेच छापलेलं नाही.

शनिवारी तो तुझ्या नवेगावजवळच्या अर्जुनीहून परतीची गाडी धरेल. स्टेशनावर जा आणि तुझा होकार तूच सांग.

हे पत्र टपालात न टाकता अजून खिशातच ठेवणारा,
तुझा मनिराम