मडमबाईच्या तुळशीचं लग्न

खंडाळा, ता. २७ डिसेंबर १९३४

चिरंजीव सौभाग्यवती मुक्ताबाई यांस रखमाजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी आणि गंगीची आजी शालूबाई ठीक आहोत. थंडीनं माझा गुडघा धरतो, पण तो दर साली धरतो आणि दर साली कुणी विचारत नाही. तिकडे परंदवडीत तुमची, गोविंदरावांची आणि तांबड्या गाईची प्रकृती बरी असेल. हे पत्र तुम्हांला गोविंदराव वाचून दाखवतील, म्हणून त्यांना आधीच एक सांगतो: कंसात जे लिहिलंय ते फक्त जावयासाठी आहे, ते मोठ्यानं वाचायचं नाही. मी वडगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलोय, कंस कसा घालतात ते मला कळतं.

तुमचं कार्ड पोचलं. संक्रांतीच्या आत गोविंदराव येऊन गंगीला घेऊन जातील, असं तुम्ही कळवलंत. पोर कशी आहे, काय खाते, त्रास देते का, हेही विचारलंत. विचारलंत ते चांगलं केलंत. आमची लेक कस्तुरा, गंगीची आई, गेली त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून पोर आमच्यापाशीच आहे. तुमचं लग्न होऊन आता कुठं आठ महिने होतायत, तुम्ही अजून तिला धड पाहिलेलंही नाही. तेव्हा उत्तर मीच द्यायला पाहिजे. तर पोर गरीब आहे. (गोविंदराव, हसू नका.) खायला दूध-भाकरी दिली की झालं. (आपल्या ताटातली सोडून दुसऱ्याच्या ताटातली.) शांत इतकी की सकाळी उठली की घटकाभर एका जागी बसून राहते. (परवा बसली ती बंगल्याच्या बटलरच्या मैद्याच्या डब्यात. बाहेर काढली तेव्हा शालूबाईनं ओळखलं नाही.) दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही आणि तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. (एकदा सांगूनही उपयोग नसतो, मग दोनदा कशाला सांगा.) चार पुरी होऊन पाचवं लागलंय, त्या मानानं समज मोठी आहे.

आता नाताळात एक बारीकसा प्रकार झाला. खंडाळ्याहून तळेगावच्या बाजाराला जाणारी तोंडं थोडी नाहीत, तुमच्या कानावर भलतंच काही जायला नको म्हणून मीच सांगतो. मी ज्या बंगल्याची बाग बघतो त्याची मालकीण मडमबाई. रेल्वेतल्या एका साहेबाची ही विधवा, एरवी मुंबईला असते, नाताळाला पंधरा दिवस इथं येते. आली की मी सुरूचा एक चांगला शेंडा तोडायचा, कुंडीत घट्ट बसवायचा आणि दिवाणखान्यात ठेवायचा, ही अकरा वर्षांची रीत. मग त्याला ती कागदी चांदण्या आणि काचेचे गोळे बांधते आणि वरून कापूस पसरते. (कापूस कशाला, हे मी अकरा वर्षांत विचारलं नाही. मालकाला कारण विचारू नये.) खाली लाकडी गोठा मांडते. त्यात गाय, दोन मेंढरं आणि गवतावर निजवलेलं मातीचं बाळ. ते तिच्या आईच्या वेळचं, वर्षभर लोकरीत गुंडाळून ठेवते. त्या बाळाशेजारी त्याची मातीची आईही असायची, पण ती गेल्या साली पेटीतच फुटली. मडमबाईनं तिथं दुसरं काही ठेवलं नाही, जागा तशीच मोकळी सोडली.

यंदा गंगीनं हे सगळं दारातून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिथंच मला समजायला पाहिजे होतं. आमच्या दारातल्या तुळशीचं लग्न होऊन महिनाच झाला होता, त्यात ही अक्षता टाकायला सगळ्यांच्या पुढं होती. आता तुम्हीच सांगा, कुंडीत झाड, झाडाला शृंगार, खाली गाय आणि पाटावर मांडायच्या मापाचं एवढंसं बाळ. पोरीनं काय समजावं? मडमबाईची तुळस सजून बसलीये, बाळकृष्ण येऊन निजलाय आणि लग्न लावायचं सगळे विसरलेत, असं तिनं समजलं.

दुपारी मडमबाई निजली होती, मी गुलाबांना खत घालत होतो आणि शालूबाई ओढ्यावर धुणं धूत होती. गंगीनं आमच्या घरातून हळद-कुंकू नेलं, तांदूळ नेले. (सगळे.) तुळशीच्या पाठीशी ऊस उभा करतात तो मिळेना, म्हणून मडमबाईची चालताना धरायची काठी कुंडीत खोचली. चिंच-आवळ्याच्या जागी बटलरनं केकसाठी ठेवलेले बेदाणे वाहिले. मेजावरचा पांढरा कपडा ओढून अंतरपाट केला. (मेजावर फुलदाणी होती. आता नाही.) झाडाला हळद लावली, कापूस पिवळाधमक झाला. इथवर मी तिला काही बोललो नसतो. पण नवरदेवाला हळद लावली की न्हाऊही घालायला पाहिजे, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्या मातीच्या बाळाला तांब्याभर ऊन पाण्यानं चोळून न्हाऊ घातलं. रंग कच्चा होता. बाळाचे डोळे गेले, ओठ गेले, मागं राहिला नुसता मातीचा गोळा आणि हळद.

बटलरची हाक ऐकून मी धावत गेलो तर मडमबाई दारात उभी. अकरा वर्षांची नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. पोरीला धपाटा घालायला हात उचलला तर मडमबाईनं तो धरला आणि गोठ्याकडं बोट दाखवलं. बाळाशेजारच्या मोकळ्या जागेत गंगीची चिंध्यांची बाहुली बसवली होती, कुंकू लावून. ती बाहुली पोर अंघोळीलासुद्धा खाली ठेवत नाही. मडमबाईनं बटलरकरवी विचारलं, हे काय? गंगी म्हणाली, "वरमाई न्हाई तर लगीन कसं लावायचं? ह्याची आई कुटं हाय? म्हून माजी बाहुली दिली."

बटलरनं ते समजावून सांगितलं. मग ती सत्तर वर्षांची बाई जमिनीवर मांडी घालून बसली आणि लग्न लावा म्हणाली. बटलरनं आणि ओढ्यावरून आलेल्या शालूबाईनं अंतरपाट धरला, मी येत होतं तेवढं एक मंगलाष्टक म्हटलं (दोन ओळी जत्रेतल्या गाण्याच्या घातल्या), मडमबाईनं अक्षता टाकल्या. बाळाचे डोळे मी काजळानं काढून दिले. गालावर तीटही लावली. मडमबाई म्हणते, आता असंच राहू द्या. नोकरी आहे, काळजी नसावी.

संध्याकाळी भाकरी खाताना गंगीनं आजीला विचारलं, "त्याला आई आली. माजी नवी आई कवा येनार?" शालूबाईनं तिला आणखी दूध वाढलं. मी माझी भाकरी तिच्या ताटात सारली.

बाकी सर्व ठीक. थोरामोठ्यांना दंडवत.

आपला,
रखमाजी

ता. क. गोविंदराव, कंसातलंही सगळं आता वाचून दाखवा, काही लपवू नका. मुक्ताबाई, पोर गरीब आहे हे मी खोटं लिहिलं. खरं कळलं तर तू तिला नको म्हणशील, अशी भीती होती. (तू म्हणालो. लेकीला दुसरं काय म्हणायचं?) तुझ्यानं होणार नाही असं वाटलं तर आत्ताच सांग. राग धरणार नाही, आमचे हातपाय चालतायत तोवर आम्ही सांभाळू. पण एकदा नेऊन मग परत पाठवू नकोस. एकदा आई गेलेली पोर आहे ती.

दुसरा ता. क. नेणार असशील तर नुसत्या गोविंदरावांना पाठवू नकोस, स्वतः ये. कस्तुराचं माहेर ते तुझं माहेर. चार दिवस राहा. तुझ्यासाठी घेतलेलं हिरवं लुगडं शालूबाई रोज काढून बघते आणि परत घडी घालून ठेवते.

तिसरा ता. क. खरं म्हणजे हे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. पोर रोज विचारून विचारून माझं डोकं खाते, म्हणून नव्या सालाच्या पहिल्या रविवारी दुपारच्या गाडीनं तू येतेस, असं मी तिला सांगून टाकलंय. तुला न विचारता. चूक माझी आहे, पण ती आजपासूनच वेणी घालून स्टेशनाकडं निघालीये, आणि तिला माघारी आणताना सांगायला माझ्यापाशी दुसरं काही नाही.