हिकरीचे एकतीस कागद आणि मी खाल्लेलं एक फळ

मी, ऑर्विल टॅकेट, वय चोवीस, सध्या मुक्काम व्हर्डीमावशीचा माळा, पूर्ण शुद्धीत कबूल करतो की हे मृत्युपत्र लिहायला तीन आठवडे टाळाटाळ केली. उद्या बेअरटूथ कड्याच्या टोकावरच्या हिकरीवर, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या त्या झाडावर, चढायचंय. मावशी म्हणाली, "आधी लिही, मग खुशाल पड. तुझा पसारा मी कुणाच्या गळ्यात घालू?"

१. माझे हिकरीचे एकतीस कागद, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या डहाळ्या, पानं, फळं, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एनिड हॉलबर्टबाईंना. कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या फाडू नयेत. कुठं सापडलं हे गेलं, की मागे राहतो तो पाचोळा.

२. नमुने दाबायच्या फळ्या मावशीला. तशीही ती त्यांत रविवारचे रुमाल दाबते. बूट ज्याला बसतील त्याला. ते टेनेसीत एका गायनमास्तरानं दिले होते, घोड्याच्या बदल्यात, पण ते असो.

३. कुऱ्हाड शेजारच्या क्लेम स्टॅनफिलला, जरी त्यानं माझ्या नऊ नंबरच्या कागदाचं झाड तोडून कुऱ्हाडीचे दांडे केले. भांडायला गेलो तर म्हणतो, "तुला डहाळी, मला खोड. वाटणी झाली की रे!" नऊच्या चिठ्ठीत भर घालावी: कोल्डवॉटर ओढ्याचा उजवा काठ; हल्ली क्लेमच्या दाराआड.

४. कागद सतरा. डहाळी कड्यावरचीच, फळ मात्र तिचं नाही. गेल्या ऑक्टोबरात उतरताना वाट चुकलो, दोन दिवस उपाशी, तेव्हा तिचं फळ फोडून खाल्लं. घरी आल्यावर मावशीनं केकसाठी ओढ्याकाठच्या दुसऱ्या हिकरीची मोठी फळं वेचून ठेवली होती, त्यातलं एक शेजारी बांधलं. तो कागद बाईंना दाखवला, आणि आता त्यांचं पत्र आलंय: "इतकी नाजूक डहाळी आणि इतकं दांडगं फळ! ऑर्विल, ही नवी जात आहे. हिला तुझंच नाव देते. महिनाअखेरीस छापते." छापलं तर बाईंच्या तीस वर्षांच्या कामावर लोक हसतील. म्हणून उद्या तिच्याच फळासकट नवी डहाळी आणून गुपचूप बाईंकडे धाडणार. पडलोच, तर हे कलम बाईंना सगळ्यात आधी वाचून दाखवावं. जिवंतपणी सांगायची माझी छाती नाही.

साक्षीदार: टपालवाला हॉलिस प्रुइट आणि त्याची बायको ज्यूनी प्रुइट. (क्लेमलाही सही करायची होती. कुऱ्हाड मिळणाऱ्यानं करू नये, असं मावशी म्हणते.)

सही: ऑर्विल टॅकेट
सायकमोर शोल, आर्कान्सा. ९ ऑक्टोबर १९३६.

शाई वाळायच्या आत एक ओळ वाढवतो. अंगणात हॉलबर्टबाई येऊन उभ्या आहेत. "ऑर्विल, छापण्याआधी झाड डोळ्यांनी बघावं म्हटलं! खाली ये!" आणि मी तर अजून ठणठणीत जिवंत आहे.