घरी येणारी ग्रामसभा

१२ मार्च २०२५

चि. मनालीस अ. उ. आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू फोन उचलत नाहीस, आणि सातवीत शाळा सुटलेल्याचा हात कागदावर लवकर चालत नाही. खरे तर हिंमतच होत नव्हती.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेवर तू नांदुऱ्याच्या तुझ्या शाळेतल्या पोरांसाठी ब्लॉगवर धडा लिहिलास. त्यात माझेच सांगणे घातलेस, की आमच्या गावात सभा भरत नाही, शिपाई गोविंदा रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि आम्ही ओसरीवर सही करतो. त्यावर पंचायत समितीचे साहेब चौकशीला आले. माझी सही पुढे ठेवून विचारले, की बाबा, सभेत होते काय? नाही म्हणावे तर सही खोटी ठरते. मी हो म्हणालो, आणि लबाड तू ठरलीस.

तुझी आजी ताट सरकवते, पण बोलत नाही. एकदाच म्हणाली, की नातीपेक्षा तुमाले सही मोठी झाली काय.

नोकरी राहिली ना? रागात का होईना, चार ओळी टाक.

तुझा आजा,
मोतीराम

२ एप्रिल

ती. आबाजींस सा. न. वि. वि.

नोकरी आहे. नागरिकशास्त्र काढून घेतले, आता चित्रकला शिकवते. ब्लॉग बंद करायला लावला. त्याआधी सातवीतल्या एका मुलीने धड्याखाली विचारले होते, की बाई, खोटे कोण, तुम्ही की तुमचे आजोबा? मी उत्तर दिले नाही. तुम्हाला खोटे म्हणवेना.

तुमच्यावर राग नाही. फोनवर तुम्ही माफी मागाल आणि मला रडू येईल, म्हणून उचलत नाही. उन्हात टोपीशिवाय हिंडू नका. आजीला सांगा, तिखट पोचले.

माया आहे तशीच आहे.

मनाली

४ मे

चि. मनालीस आशीर्वाद.

उत्तराला पुन्हा महिना लावला. एक मेची वाट पाहत होतो. त्या दिवशी धुतलेले धोतर नेसून नऊलाच समाजमंदिरात जाऊन बसलो. अकरापर्यंत मी एकटा, आणि सतरंजीवर एक कुत्रे. मग गोविंदा रजिस्टर घेऊन आला. म्हणाला, की काका, तुम्ही काऊन आले, मी घरीच येऊन राह्यलो होतो ना! मी सही केली आणि पुढे लिहिले, की आज सभेला मी एकटाच होतो, आणि सव्वीस जानेवारीला मीही नव्हतो. वाचून त्याचे तोंड उतरले.

काल कळले, की ते पान फाडले. गावात लोक माझ्याशी बोलायचे टाळतात. जीव घाबरतो, पण तुझी आजी कालपासून बोलते आहे.

म्हणून तीच ओळ इथे पुन्हा लिहितो. सव्वीस जानेवारीला मी सभेत नव्हतो. खाली सही करतो. शाळेला सुट्टी लागली असेल, तरी त्या पोरीचे घर शोध आणि तिला हा कागद दाखव. सांग, की खोटा आजा होता.

ती काय म्हणाली, तेवढे लवकर कळव.

मोतीराम