निलव्वाच्या हाताचं माप

आक्का,

मी चंदगडच्या पहिल्या एसटीनं निघालोय. भाकरी दोनच घेतल्यात.

पोलिसातनं काढलं म्हणून बांगड्या इकतोय, हे मी तुला खोटं सांगितलं हुतं. त्यापायी तू गल्लीत मान खाली घालून चाललीस, माफ कर. काजूच्या पोत्यातनं गोव्याची दारू आणणाऱ्या निलव्वावर पाळत ठेवायला साहेबांनीच मला कासार केलं हुतं.

पण तिनं मला पहिल्याच दिवशी ओळखलं. बांगड्या भरून झाल्यावर बायका कासाराला नमस्कार करत्यात न्हवं? तिनं वाकून केला, आणि मी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला! ती एवढी हसली की दोन बांगड्या तिथंच फुटल्या. मग दर मंगळवारी फुटाय लागल्या. मी रिपोर्टात लिहिलं, "बांगड्या संशयास्पदरीत्या फुटतात, पाळत वाढवावी." साहेबांनी वाढवली की!

काल तिनं सगळा माल ओढ्यात ओतला आणि मला हिरवा चुडा घेऊन बोलावलंय. आज दहा वाजता तिला धरायचं, असा साहेबांचा हुकूम हाय. ते आलं तर सांग, कृष्णात तिकडंच गेलाय.

आता नोकरी खरंच जाईल. रागावू नगंस. सांजच्याला उंबऱ्यावर तांदळाचं माप तेवढं भरून ठेव.

बेड्या फडताळात हायत, साहेबास्नी परत दे. निलव्वानं एकदा हौसेनं घालून बघितल्या, पार कोपरापर्यंत सरकल्या. मी सव्वादोनच्या मापाच्या बांगड्या घेतल्यात.

कृष्णात