चव्वेचाळीस अंश

मिस्त्रीकाका, घाट चढून वर आलो की तुम्ही आधी बॉनेट उघडायचात आणि फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा तापलेल्या इंजिनावर ठेवायचात. दहा मिनिटांत पिठलं गरम व्हायचं. भाकरीला पेट्रोलचा किंचित वास यायचा, पण त्याबद्दल कधी आपण दोघंही बोललो नाही. कठड्यावर बसून मी कॉन्व्हेंटमध्ये शिकवल्याप्रमाणे लहान लहान घास तोंड मिटून खायची आणि तुम्ही हसायचात. "चिमणीवानी काय खाताय, ताई? अजून दोन फेऱ्या हायेत." खाली कात्रजची झाडी, समोर अण्णांची शर्यतीची गाडी, आणि माझ्या मांडीवर ती नोंदवही, जिच्यासाठी अण्णांनी मला सुट्टीत वर्कशॉपमध्ये येऊ दिलं होतं. "माझ्या मुलीचं अक्षर छापल्यासारखं आहे," ते म्हणाले होते. "निदान माझ्या वहीला तरी शिस्त लागेल."

येत्या पहिल्या तारखेला मी वर्कशॉप दुसऱ्याच्या हाती सोपवते आहे. वय झालं, गुडघे बोलायला लागले, तक्रार काही नाही. काम मी चांगलं केलं. अण्णांनंतर एवढी वर्षं शहरातल्या वेगवान गाड्या माझ्याकडे आल्या, आणि 'बाईमाणूस काय बघणार' म्हणणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या वेळी मुकाट्याने किल्ली टेबलावर ठेवून गेली. पण निघण्याआधी एक गोष्ट तुमच्या घरच्यांना सांगायची राहिली आहे. तुम्ही आता नाही आहात, तरी ती आधी या कागदावर तुमच्यापाशी बोलून बघते.

ती उन्हाळ्याची सुट्टी. एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेली तार, तिच्या टोकाला डॅशबोर्डवर सुतळीने बांधलेली तबकडी. इंजिन जी हवा आत ओढतं तिचं तापमान ती तबकडी दाखवायची. गाडी तुम्ही चालवता आहात, वळणावळणाला काट्याकडे बघून आकडा ओरडता आहात, आणि मी लिहिते आहे. "लिव्हा, एकेचाळीस. लिव्हा, त्रेचाळीस." कशासाठी लिहायचं तेही तुम्हीच समजावलं होतंत. हवा तापली की विरळ होते, गाडीचा दम कमी होतो. आणि तरीही ठिणगी आधीसारखीच लवकर पाडत राहिलं तर पेट्रोल आपल्या मर्जीने पेटतं, मग पिस्टनवर आतून घण पडल्यासारखे ठोके बसतात. माझी वही बघून अण्णा ठिणगीची वेळ लावणार होते. तिसऱ्या फेरीत आपण एका लाकडाच्या ट्रकमागे अडकलो. ट्रकचा धूर, मागून हॉर्न, आणि तुम्ही काहीतरी ओरडलात ते मला ऐकूच आलं नाही. परत विचारायला हवं होतं. पण पहिल्या फेरीत दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "कान घरी ठिवून आलात का?" आणि मला ते लागलं होतं. शिवाय आमच्या सिस्टर कोऱ्या जागेचे गुण कापायच्या. वहीत एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, हे माझ्या हाडात भिनलेलं. वर त्रेचाळीस होते, खाली सेहेचाळीस. मी मध्ये चव्वेचाळीस लिहिलं. सुंदर लिहिलं.

शर्यतीच्या दिवशी अर्ध्या चढावर इंजिन खडखडलं आणि बसलं. उघडलं तेव्हा पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. अण्णांनी सगळ्यांच्या देखत वही तुमच्यापुढे धरली. "मिस्त्री, ट्रकमागे गाडी घुटमळत होती असं तुम्हीच सांगितलंत. तिथे हवा तापायला हवी, आणि नुसते चव्वेचाळीस? हा आकडा तुम्हीच दिलात ना?" तुम्ही वही बघितलीत. मग माझ्याकडे बघितलंत. मी उभी होते, दोन वेण्या, हातात पुसायचं फडकं. तुम्ही म्हणालात, "दिला असंल, शेट. धुरात काटा नीट दिसला नसंल." अण्णा म्हणाले, "मग चष्मा करून घ्या. तोवर ब्रेकची कामं बघा. तिथे डोळ्यांवाचून भागतं." कुणीतरी हसलं. दोन वर्षं तुम्ही ब्रेक आणि क्लच केलेत. शहरात इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, आणि तो माझ्यासमोर रोज चाकाशी उकिडवा बसलेला. त्या दोन वर्षांत तुम्ही मला कमी शिकवलं नाहीत. उलट जास्तच. पण घाटात नेलं नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

आता तारेऐवजी बोटाएवढा सेन्सर असतो आणि तबकडीऐवजी लॅपटॉप. सेकंदाला दहा आकडे आपोआप लिहिले जातात, कुणी ओरडायला नको. पण प्रश्न तोच आहे. आमच्याकडे सहा वर्षांपासून एक मुलगी आहे, यवतमाळची, इंजिनियर. मागच्या महिन्यात कोथरूडचा एक आयटीतला गृहस्थ टर्बोची गाडी घेऊन आला. कुठल्याशा गॅरेजमधून ताकद वाढवून घेतलेली, आणि रविवारी ट्रॅकवर पळवायची म्हणून आमच्याकडून तपासून हवी होती. मुलीने गाडी कात्रजपर्यंत नेऊन आणली. स्क्रीनवर हवेच्या तापमानाची रेघ छान निघाली होती, फक्त मध्ये तीन मिनिटं काहीच नव्हतं. सेन्सरची पिन सैल झाली होती. ती तिने घट्ट बसवली आणि अहवालात त्या जागी लिहिलं, 'नोंद नाही'.

"काकू, एवढासा तर गॅप आहे," तो मला म्हणाला. "मागचा आकडा, पुढचा आकडा, मध्ये सरळ रेघ. इंटरपोलेट करून टाका ना."

माझ्या आधी ती बोलली. "नाही होत, सर. गाडी चौकात उभी होती ना, तेव्हाचाच गॅप आहे तो. चालत्या गाडीची हवा अन् उभ्या गाडीची हवा एक नसते."

"पण फरक पडून पडून किती पडणार? दोन डिग्री?"

"माहीत नाही. म्हणूनच तर कोरं ठेवून राहिले."

"अहो काकू, तुम्ही सांगा ना हिला!"

"पाच वर्षं मी तिला सांगितलं," मी म्हटलं. "गेल्या वर्षापासून ती सांगते आणि मी ऐकते. तुम्हीही सवय करा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने तीच गाडी त्याच चौकात नेली. बॉनेट बंद, पुढे बस, मागे टेम्पो. मी शेजारी बसले होते. आकडा अठ्ठेचाळीसवरून चढत चढत एकाहत्तरला गेला. सरळ रेघ मारली असती तर एकोणपन्नास दिसले असते. त्यात आधीच्या गॅरेजने एक शहाणपणा केलेला निघाला. हवा तापली की ठिणगी मागे घ्यायची कॉम्प्युटरची सोयच त्यांनी बंद केली होती, ताकद जास्त दिसावी म्हणून. ट्रॅकवर रांगेत उभी राहून ती गाडी तशीच सुटली असती, तर तो पिस्टन गेला असता. मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, एसी लावू का? तुम्हाला घाम येऊन राहिला." मला घाम उन्हाने येत नव्हता, काका. संध्याकाळी घरी जाऊन कोण काय घेणार त्याची यादी केली.

वर्कशॉप तिचं. जागेचा भाडेकरार, हत्यारं, लिफ्ट, गिऱ्हाइकांची यादी, सगळं. भाच्याला वाटत होतं त्याला मिळेल. त्याला अण्णांची खुर्ची, त्यांचा फोटो आणि माझी गाडी देते आहे, आणि त्याने ती दर सहा महिन्यांनी हिच्याकडेच आणायची अशी अट आहे. लेथ मशीन आयटीआयच्या मुलांना. तुम्ही काम सोडताना मला दिलेला फीलर गेज, बारीक फटी मोजायच्या पात्यांचा तो जुडगा, कुणालाच नाही, तो माझ्या पर्समध्ये राहील. आणि ऑफिसातल्या कपाटावरची चांदीची ढाल, जिच्यावर अण्णांचं नाव आहे, ती लोणी काळभोरला तुमच्या मुलाला. तुमच्या हातात परत इंजिन आल्यावर, पहिल्याच वर्षी मिळालेली ती. ते इंजिन स्क्रूपासून तुम्ही बांधलं होतंत आणि बक्षीस घ्यायला अण्णा एकटे वर गेले होते.

तुमच्या मुलाला फोन करून ढालीचं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या आप्पांची कशी काय ओ ही, ताई? त्यांची तर नजर कच्ची हुती म्हनून काम काढल्यालं. आप्पाच सांगायचे." म्हणजे घरीही तुम्ही तेच सांगितलंत. मी म्हटलं, "नजर चांगली होती. रविवारी येऊन सांगते." हा कागद तिकडे नेणार नाही. हातात कागद असला की मी चांगल्या अक्षरामागे लपते, हे मला आता ठाऊक आहे. समोर बसून तोंडाने सांगेन, पूर्ण सांगेन, आणि ते जे म्हणतील ते ऐकून घेईन.

फक्त फोन ठेवताना त्याने विचारलं, "घर ठाऊक हाय न्हवं?" आणि मी हो म्हणाले. ते खरं नाही, काका. तुम्ही आमच्याकडे एकतीस वर्षं होतात, आणि तुमच्या घरी मी एकदाही आलेली नाही. त्याला परत फोन करून पत्ता विचारायचा आहे.