सूडाला कडक खळ

४ मे, सोमवार
आजपासून दादाशी बोलणं बंद. कायमचं.
दादा म्हणजे माझा मावसभाऊ. त्यानेच मला या हॉटेलच्या लाँड्रीत चिकटवलं, म्हणून काय झालं? काल त्याने घरी फोनवर सांगितलं, की वॉचमनचं कुत्रं बघून मी चादरींच्या ट्रॉलीत चढलो. साफ खोटं. मी आधीपासूनच ट्रॉलीत होतो. म्हणजे एक पाय होता. आणि कुत्रं पिसाळलेलं असू शकलं असतं. वॉचमन म्हणतो, ते म्हातारं आहे, तोंडात दात नाहीत. तो तसंच म्हणणार, कुत्रं त्याचं आहे.
काकांचा फोन आला. म्हणाले, पोरगं बिचकतंय, महिनाअखेर परत ये आणि दुकानात बस. काकांचं दुकान खिळ्यांचं. दिवसभर खिळे तोलायचे. मेलो तरी जाणार नाही.
सूड घेणार.

४ मे, पुन्हा
दादाशी थोडं बोलावं लागलं. खोलीची किल्ली त्याच्याकडे होती.

६ मे, बुधवार
रविवारी स्टाफची ट्रिप. डोंगरातली मोठी दरी. एवढी खोल की खालची नदी दोऱ्याएवढी दिसते म्हणे. रानबोकड, गिधाडं, नशीब असेल तर अस्वल. दादा सगळ्यांना सांगत फिरतोय, की बोकडाशेजारी उभं राहून फोटो काढणार. मला म्हणाला, भागूबाई, तू गाडीतच बस, काचा वर करून. अख्खी लाँड्री हसली. इस्त्रीवाली मावशीसुद्धा, जी पगाराच्या दिवशीही हसत नाही.
व्हॅनच्या ड्रायव्हरला चहा पाजून माहिती काढली. बोकडं मिठाला हपापलेली असतात, घामट टोपीसुद्धा चाटतात. उग्र वास आला की मात्र तोंड फिरवून चालती होतात.
प्लॅन तयार. डोकं आहे मला. शाळेला ते दिसलं नाही, हा शाळेचा दोष.

८ मे, शुक्रवार
माझा शर्ट कडक खळीत घातला. खळीत मूठमूठ मीठ. दादाचा शर्ट कपड्यांना वास लावायच्या कंडिशनरमध्ये, पाण्याचा थेंब न घालता, दिवसभर. आता सगळी जनावरं माझ्याकडे, त्याच्याकडे माशीसुद्धा नाही. मग फोटो घरी: मी, बोकड, मागे दरी. बघा काका, कोण बिचकतंय.
इस्त्रीनंतर माझा शर्ट आपोआप उभा राहिला. शुभशकुन.
दादाने त्याच्या शर्टाचा वास घेतला. म्हणाला, अरे वा, माझ्यासाठी एवढं केलंस? थोडं वाईट वाटलं. मग कुत्र्याची गोष्ट आठवली आणि बरं वाटलं.

१० मे, रविवार, सकाळ
कॉलर मान कापतेय. सूड म्हटल्यावर एवढं चालायचंच. व्हॅनमध्ये दादाच्या शेजारी कोणी बसेना. शेवटी मला बसवलं.

१० मे, संध्याकाळ
हात खरचटलाय, थोडक्यात लिहितो.
दरी खोल आहे. एवढी खोल असायची काय गरज होती, कळत नाही. दगडांचे थर घडी घातलेल्या टॉवेलांसारखे. गिधाड आमच्या खालून उडत गेलं. पक्ष्याची पाठ जन्मात पहिल्यांदा बघितली.
मग बोकड आला. ठरल्याप्रमाणे थेट माझ्याकडे. फक्त ठरवताना शिंगं लक्षात घेतली नव्हती. मी पोज दिली. त्याने बाही चाटली. मग कॉलर. मी जरा मागे सरकलो (काही लोक याला पळणं म्हणतील) आणि एका कपारीवर पोचलो. समोर बोकड, मागे हवा. त्याने शर्टाचं टोक तोंडात धरून ओढायला सुरुवात केली. मागून त्याचे नातेवाईक आले. मला आई आठवली. मोठ्याने आठवली.
दादा आला. कड्याला चिकटून, डोळे अर्धे मिटून. त्याला उंचीची भीती आहे हे आजच कळलं. आधी त्याचा वास आला. बोकड शिंकला, शर्ट सोडला, सगळं खानदान घेऊन वर निघून गेला. दादाने मला कॉलरला धरून ओढलं. कॉलर कडक होती म्हणून फाटली नाही. हे श्रेय खळीचं, म्हणजे माझंच.
ड्रायव्हरने फोटो काढला होता, नेमका बोकडं माझ्या अंगावर असतानाचा.

११ मे, सोमवार
फोटो लाँड्रीच्या दारावर. आता मला भागूबाई म्हणत नाहीत. चाटण म्हणतात.
दादाने तो घरीही पाठवला. संपलं. बॅग भरली. जाता जाता त्याचं उंचीचं बिंग फोडणार. घरी, लाँड्रीत, वॉचमनकडे, सगळीकडे.

१२ मे, मंगळवार
काकांचा फोन. शेजारी आई. दादाने घरी सांगितलंय, की कपारीवर चक्कर येऊन तो अडकला होता आणि मी बोकडं अंगावर घेऊन त्याला सोडवलं. फोटोत मी ओरडतोय ते बोकडांना हाकलायला. काका म्हणाले, दुकानाचं राहू दे, तू तिथेच थांब, दादा जरा बिचकतो, त्याला एकटं सोडू नकोस. आई म्हणाली, जप त्याला.
बिंग फोडायला काही उरलंच नाही. त्याने स्वतःच फोडलं.
दादाला विचारलं, असं का केलंस. म्हणाला, तू गेलास तर माझे शर्ट एवढ्या प्रेमाने कोण धुणार?
बॅग रिकामी केली. त्याचा तो शर्ट पुन्हा धुतला. मग परत एकदा धुतला. वास जात नाही. आणि आमची खोली एकच आहे.