रविवारी कोट काढून

हडर्सफील्ड,
६ मार्च २०२३

प्रिय रसेल,

तुझा निरोप पोचला. पोर्तुगालच्या उन्हाने तुझा गुडघा सुधारतोय, छान. इकडे कीथचा खोकला गेला, आईच्या परसात डॅफोडिल लवकर फुललीत आणि मांजर आता कायमचं शेजारच्या मॉरीनकडे असतं.

घर विकलं जाईपर्यंत गॅस-विजेचा दर बांधून घ्यायचा की बदलता ठेवायचा, असं तू विचारलंयस. वर सल्लाही दिलायस, की घाई नको, भाव उतरतील. वाचून मी एकटीच हसत सुटले. बायकोला काय झालं म्हणून कीथ धावत बघायला आला.

आठवतं तुला? दीड वर्षापूर्वी कंपनीचं पत्र आलं होतं, दोन वर्षं एकच दर. मॉरीनने सही करून टाकली. आईही पेन घेऊन बसली होती, पण तिला आधी मुलाला विचारायचं होतं. तू फोनवर होतास, मागे ग्लासांचा किणकिणाट. "म्हाताऱ्यांना घाबरवून गळ्यात मारतात गं हे. बदलताच राहू दे, वसंतात उतरेल." आईने पेनाला टोपण लावलं. आमचा रसेल बँकेत होता, असं मॉरीनला ऐकवूनही आली. वसंत आला आणि भाव कडाडला. हिवाळ्याआधी पुन्हा चढला. तोवर बांधून घ्यायला धड दर कोणी देईना.

मी म्हटलं, रसेलला सांगूया. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोर मीच. "त्याला कळता कामा नये. मनाला लावून घेईल पोरगं." पोरगं छप्पन्न वर्षांचं! मी बिल भरते म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणे, रिकाम्या घरात पाइप फुटतात.

स्वयंपाकघरात तो खर्च दाखवणारा छोटा डबा आहे ना, त्याचा तिने धसकाच घेतला. हीटर बंद. दिवसभर कोट, टोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. अगदीच असह्य झालं की मांजराला बघायच्या निमित्ताने मॉरीनच्या उबदार स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मांजर आपल्या आईचं, रसेल. ते तिच्या आधीच तिकडे पळालं होतं.

आणि दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल. मग कोट काढायचा, टोपी काढायची, तू पाठवलेला तो पातळ ब्लाउज घालायचा, गालांना लाली लावायची. आई, काय टवटवीत दिसतेस, असं तू म्हणायचास. कॉल संपला की तिची बोटं चालायची नाहीत. कोटाची बटणं मी लावायचे.

डिसेंबरच्या बर्फात तिची छाती भरली. घर गरम असतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. धाप लागलेली, तरी म्हणाली, भट्टी आहे नुसती.

अंत्यविधीला आलास आणि दारातच म्हणालास, "काय गारठा ठेवलाय गं घरात!" सगळ्या खोल्यांतले हीटर चढवलेस. डब्यावर लाल दिवा लागला. मग तो ब्लाउज छातीशी धरून रडलास, निदान शेवटपर्यंत मजेत होती म्हणालास. मी चहा ओतत होते. आईला शब्द दिला होता, म्हणून ओतत राहिले.

पण तू पुन्हा सल्ला दिलास. आता तो शब्द मला पाळवत नाही. घराचं म्हणशील तर ठेव बदलताच. तिथे गारठायला आता कोणी नाही.

इस्पितळात माझा हात धरून तिने तुझ्यासाठी निरोप दिला होता, तो राहिलाच. जसाच्या तसा देते: "रसेलला सांग, त्याचं ऐकलं ते बरं झालं. घर कधी गार पडलं नाही."

रविवारी कॉल कर. मी कोट काढणार नाही.

ग्लेंडा